हम्बोल्टचा कुमार संघ

बर्फ म्हटला म्हणजे बारामती-इंदापूरकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढें उसाच्या रसाचा पेला उभा राहतो, लग्नघरचें सरबताचें पिंप उभें राहतें, किंवा फार तर उजनीच्या जलाशयांतील मासळी ज्या पेट्यांतून पुण्या-मुंबईकडे रवाना होते त्या पेट्या. त्या बर्फावर मनुष्यास उभें राहतां येतें, पायांत पोलादी धारेचे जोडे घालून वाऱ्याच्या वेगानें घसरतां येतें, आणि घसरतां घसरतां वांकड्या काठीनें रबराची चकती मारून प्रतिपक्षावर गोल करतां येतो, ही गोष्ट आमच्याकडील मुलांस परीकथेसारखी वाटते. वैशाखांत ज्या मुलुखांत वहाणेचा तळ पोळतो, तेथील मुलांनीं याहून निराळें काय मानावें? तरीहि या वार्षिकासाठीं लिहावयास बसतांना मीं विषय निवडला तो याच खेळाचा. कारण ज्या एका संघाची हकीकत मला सांगावयाची आहे तिच्यांत खेळ निमित्तमात्र असून शेतकऱ्यांचें एक लहानसें गांव, त्यानें सांभाळलेलीं परक्यांचीं मुलें आणि संध्याकाळचा एक रस्ता यांचाच भाग मोठा आहे. आणि या तिन्ही गोष्टी आमच्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

आधीं खेळाविषयीं थोडेंसें. बर्फावरील हॉकीचा बंदिस्त जागेंतील पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजीं कॅनडांतील माँट्रिऑल शहरीं झाला, असें मानतात. प्रत्येक पक्षांत गोलरक्षक धरून सहा गडी असतात, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात, आणि चेंडूच्या जागीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. खेळाचा वेग असा कीं गडी मिनिटा-दीड मिनिटांत दमतो, आणि सामना चालू असतांनाच बांकावरील ताजा गडी त्याच्या जागीं उतरतो. आपल्या देशांत हा खेळ अगदींच अपरिचित आहे असें मात्र नव्हे. सिमल्यास १९२० सालीं नैसर्गिक थंडीनें गोठणारें बर्फाचें मैदान तयार झालें. लडाखांत तळीं गोठलीं कीं मुलगे व मुली त्यांवर हॉकी खेळतात. आणि भारताच्या महिला संघानें २०२५ सालीं आशियाई चषकाच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. परंतु कॅनडांत हा खेळ म्हणजे आपल्याकडील कुस्ती, हुतूतू व खोखो हीं एकत्र मिळून जें कांहीं होईल तें आहे. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या संघांस तेथें ज्युनिअर, म्हणजे आपल्या भाषेंत कुमार संघ, म्हणतात. आणि पहिल्या महायुद्धांत पडलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून कुमारांसाठीं एक चषक ठेवलेला आहे.

हम्बोल्ट हें गांव त्या देशाच्या सस्कॅचेवन प्रांतांत आहे. त्यास नांव मिळालें तें अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचें. १९०३ सालीं बेनेडिक्टिन पंथाच्या साधूंच्या पुढाकारानें त्या भागांत जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांची वसाहत झाली. त्यांचा मठ जवळच्याच म्युन्स्टर नांवाच्या खेड्यांत आहे. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या वाचकांस हा धागा जवळचा वाटेल म्हणून मुद्दाम नमूद करतों. २०१६ च्या शिरगणतींत गांवची लोकवस्ती सहा हजारांच्याहि किंचित् आंत होती. भोंवतीं क्षितिजापर्यंत सपाट शिवार, त्यांत गहूं व तेलबिया. आपल्याकडे १८८५ सालीं नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी आलें आणि कोरडवाहू माळाचा ऊसमळा झाला. तिकडे आगगाडी आली आणि गवताळ माळाचा गव्हाळ मुलूख झाला. फरक इतकाच कीं तिकडे हिवाळा सहा महिन्यांचा. पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरतो आणि शेतांवर बर्फ पडून राहतें. त्या सहा महिन्यांत गांवानें एकत्र जमावें कोठें, तर प्रार्थनामंदिरांत आणि हॉकीच्या क्रीडागृहांत.

या गांवचा कुमार संघ १९७० सालीं स्थापन झाला. त्याचें नांव ब्राँकोज, म्हणजे न माणसाळलेले रानटी घोडे. हा संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाहीं. तो गांवाचा आहे. तिकिटांची विक्री, जेवणावळी, वर्गण्या व फुकट राबणारे हात यांवर तो चालत आला. गांवच्या क्रीडागृहास ज्यांचें नांव दिलें आहे ते एल्गर पीटरसन हे कोणी नामांकित खेळाडू नव्हते किंवा देणगीदारहि नव्हते. संघाचें सामानसुमान वर्षानुवर्षें सांभाळणारे ते गृहस्थ. आमच्याकडे इमारतींना कोणाचीं नांवें मिळतात तें वाचकांस ठाऊकच आहे. ज्या गांवास काठ्या मोजून ठेवणाऱ्या मनुष्याचें नांव आपल्या सर्वांत मोठ्या वास्तूस द्यावेंसें वाटलें, त्या गांवाविषयीं माझ्या मनांत पहिला आदर उत्पन्न झाला तो येथें. या संघानें २००३ आणि २००८ अशा दोन वर्षीं आपल्या वर्गांतील राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, व २०१२ सालीं ती राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच गांवीं भरविली. सहा हजार वस्तीचें गांव साऱ्या देशास पाहुणा बोलावतें, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु मला विजयांपेक्षां दुसरी एक व्यवस्था अधिक लक्षणीय वाटते. संघांतील बहुतेक मुलें परगांवचीं असतात. कोणी शेंकडों मैलांवरून आलेला असतो. त्यांस वसतिगृह नसतें. गांवांतील एकेक कुटुंब एक किंवा दोन मुलांस आपल्या घरीं ठेवून घेतें आणि पुरा हिवाळा त्यांचें खाणेंपिणें, शाळा, आजारपण, पहांटेचा सराव हें सर्व पाहतें. घरच्या धाकट्या मुलांना तो मोठा भाऊच होतो. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षीं बारामतीहून सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी अशी इंदापुरास जाते, तेव्हां वाटेवरील घरें वारकऱ्यांस ओसरी मोकळी करून देतात, पिठलें-भाकरी वाढतात, पायांस तेल लावतात, हें आपण लहानपणापासून पाहत आलों. तें आतिथ्य एका रात्रीचें. हम्बोल्टच्या घरांचें आतिथ्य सहा-सात महिन्यांचें, आणि पाहुणा सतरा-अठरा वर्षांचा, म्हणजे ज्या वयांत पोटची मुलेंहि आईबापांस जड वाटूं लागतात त्या वयाचा! अशा घरांतील बाईस मुलगा जन्मानें आपला नाहीं हें दिवाळीपर्यंत विसरावयास होत असेल, असें मला वाटतें. तिकडे दिवाळी नसते हें खरें. नाताळ म्हणूं या.

२०१५ पासून डार्सी हॉगन हे या संघाचे शिक्षक व व्यवस्थापक होते. सामना जिंकण्याच्या आधीं मुलगा माणूस म्हणून नीट घडला पाहिजे असा त्यांचा आग्रह असे, आणि संघाच्या वागणुकीचे नेम त्यांनीं स्वतः घालून दिले होते. २०१८ च्या वसंतांत संघ प्रांतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरींत निपाविन गांवच्या हॉक्स संघाशीं खेळत होता. बाद फेरीपूर्वीं संघांतील मुलांनीं हौसेनें आपले केंस पिंवळे करून घेतले होते. मुलेंच तीं, सगळ्यांनीं एकसारखें दिसावें, इतकाच त्यांतील हेतु.

६ एप्रिल २०१८, शुक्रवार. संध्याकाळीं निपाविन येथें पांचवा सामना होता. बसमध्यें चालकासह एकोणतीस मंडळी होती. टिस्डेल गांवाच्या उत्तरेस आर्मली नांवाच्या वस्तीजवळ पस्तीस क्रमांकाचा रस्ता आणि तीनशें पस्तीस क्रमांकाचा रस्ता एकमेकांस छेदतात. सुमारें पांच वाजतां उत्तरेकडे चाललेली बस त्या चौकांत आली, आणि त्याच क्षणीं पूर्वेकडून एक मालमोटार, मागें दोन जोडगाड्या व त्यांत बागेसाठीं लागणाऱ्या शेवाळाचे गठ्ठे घेऊन, थांबण्याची खूण न मानतां चौकांत शिरली. सोळा माणसें गेलीं, तेरा जखमी झालीं. गेलेल्यांत दहा खेळाडू होते, हॉगन होते, त्यांचे साहाय्यक होते, दुखापतींवर उपचार करणारी तरुणी होती, ती पांच दिवसांनीं दवाखान्यांत गेली, बसचा चालक होता, सामन्याचें वर्णन नभोवाणीवरून करणारा निवेदक होता, आणि गुणांची नोंद ठेवणारा अठरा वर्षांचा एक मुलगा होता.

पिंवळ्या केंसांमुळें त्या रात्रीं आणखी एक अघटित घडलें. मुलांच्या चेहऱ्यांवर जखमा, शरीरयष्टी सारखी, केंसांचा रंग सारखा. दोन मुलांची ओळखच उलटसुलट झाली. एका घरीं मुलगा गेल्याची वार्ता पोंचली आणि तो जिवंत होता. दुसऱ्या घरच्यांस मुलगा वांचला असें कळलें आणि तो गेला होता. तिसऱ्या दिवशीं खरें काय तें उघड झालें. या दोन घरांपैकीं कोणाच्या जागीं स्वतःस कल्पून पाहावें, तें मला ठरवितां येत नाहीं. ८ एप्रिलच्या रात्रीं एल्गर पीटरसन क्रीडागृहांत सामुदायिक प्रार्थना झाली. देशाचे पंतप्रधान श्रोत्यांत बसले होते. संघाचे पाद्रीसाहेब बोलावयास उभे राहिले. सामना पाहावयास निघालेले ते गृहस्थ अपघातानंतर थोड्याच वेळांत त्या चौकीं जाऊन पोंचले होते. त्यांनीं दाविदाच्या तेविसाव्या स्तोत्रांतील मृत्युच्छायेच्या दरीचा आधार घेतला. आपल्या उपासनेंत तें स्तोत्र मुलें एका दमांत म्हणून मोकळीं होतात.

सस्कॅचेवन प्रांतानें असलें दुःख पूर्वींहि पाहिलें होतें. ३० डिसेंबर १९८६ रोजीं स्विफ्ट करंट गांवच्या कुमार संघाची बस बर्फाळ रस्त्यावर उलटून चार खेळाडू गेले. त्याच संघानें तीन वर्षांच्या आंत, १९८९ सालीं, सैनिकांच्या स्मरणार्थ ठेवलेला तो राष्ट्रीय चषक जिंकला. २०१८ सालीं त्या जुन्या संघांतील कांहीं खेळाडू, आतां प्रौढ झालेले, हम्बोल्टला मुद्दाम येऊन गेले. वांचलेल्यांशीं काय बोलावें हें त्यांनाच ठाऊक असणार.

हें सर्व वाचीत असतां मला कॅनडाचा रस्ता दिसेना; मला आमचा बारामती-इंदापूर रस्ता दिसूं लागला. खोखोचे सामने आटोपून पौष महिन्यांत एकदां मी मुलांसह इंदापुराहून परत येत होतों. मुलें एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोंपलीं होतीं. निमगांव केतकी मागें पडल्यावर आमच्या एसटीच्या चालकानें एकाएकीं असा ब्रेक दाबला कीं डब्यांची पिशवी माझ्या मांडीवरून थेट पुढल्या बांकाखालीं गेली. समोर अंधार, आणि त्या अंधारांतून, हातभर अंतरावर, उसाच्या मोळ्यांची भिंत! एक ट्रॅक्टर, त्यामागें दोन ट्रॉल्या, मागें लाल दिवा नाहीं, चमकणारी पट्टी नाहीं, आणि पुढें मोठ्या आवाजांत गाणें लावून बसलेला चालक, तोहि आमच्या मुलांहून दोन-तीन वर्षांनींच मोठा. मुलांपैकीं निम्मीं जागींहि झालीं नाहींत. आमचे चालक कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं बस बाजूनें काढली. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ही भिंत आपल्या सर्व रस्त्यांवरून रोज रात्रीं चालत असते, आणि तिच्यावर आदळणाऱ्यांच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतों.

म्हणूनच त्या मालमोटारीच्या चालकाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. तो आपल्याच देशांतून तिकडे गेलेला, एकोणतीस वर्षांचा, पदवीधर तरुण होता. नोकरीस लागून त्यास अवघे तीन आठवडे झाले होते. त्यांतील दोन शिकण्यांत गेले, आणि मग दोन जोडगाड्यांचें तें अजस्र वाहन त्याच्या एकट्याच्या हातीं देण्यांत आलें. मागच्या गाडीवरील ताडपत्री फडफडूं लागली म्हणून त्याचें चित्त तिकडे गेलें. वाटेंत पुढील चौकाची सूचना देणारे चार फलक होते, आणि चौकांत लुकलुकणाऱ्या लाल दिव्यासह थांबण्याची मोठी खूण होती; यांपैकीं कांहींच त्यास दिसलें नाहीं. न्यायालयांत त्यानें बचाव केला नाहीं. मृतांच्या घरच्यांस खटल्याचे हाल नकोत म्हणून त्यानें एकोणतीसहि आरोप कबूल केले. मार्च २०१९ मध्यें त्यास आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढें २०२४ सालीं हद्दपारीचा हुकूमहि झाला. कांहीं मातापित्यांनीं त्यास भर न्यायालयांत क्षमा केली, कांहींनीं केली नाहीं. दोघांसहि नांवें ठेवण्याचा अधिकार तिऱ्हाइतास नाहीं. ज्यानें तें वाहन त्याच्या हातीं दिलें त्या मालकास सुरक्षेचे नियम न पाळल्याबद्दल पांच हजार डॉलर्स दंड झाला. गुन्हा चालकाचाच, यांत संशय नाहीं. परंतु दोन आठवड्यांत शिकवून सोडणाऱ्याचा हिशेब पांच हजारांत मिटावा, हें माझ्या मनास पटत नाहीं. सरकारास तरी तें पटलें नसावें. मार्च २०१९ पासून सस्कॅचेवनमध्यें असलीं वाहनें चालवूं इच्छिणाऱ्यास निदान साडेएकशेंएकवीस तासांचें शिक्षण सक्तीचें झालें. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीवर बसण्यापूर्वीं किती तास शिकावें लागतें, हा प्रश्न मी वाचकांपैकीं ज्यांचे वडील कारखान्यास ऊस घालतात त्यांच्याकडे सोंपवितों. घरीं विचारून पाहा.

अपघातानंतरच्या दिवसांत कॅनडाभर एक मूक प्रथा आपोआप पसरली. लोकांनीं आपल्या घराबाहेर, दाराशीं, हॉकीची एक काठी टेकून ठेवली आणि वरचा दिवा रात्रभर जळत ठेवला. मुलें जेथें कोठें गेलीं असतील तेथें त्यांस खेळावयास काठी लागेल, ही त्यामागील भावना. संघाच्या व कुटुंबांच्या साहाय्यार्थ दीड कोटी डॉलर्सहून अधिक निधि जमला. निधि पैसेवाल्या देशांत जमतोच, असें कोणी म्हणेल. काठीचें तसें म्हणतां येणार नाहीं.

आणि एक गोष्ट. गेलेल्या खेळाडूंत लोगन बूले नांवाचा मुलगा होता. मार्चमध्यें त्याचा एकविसावा वाढदिवस झाला, तेव्हां त्यानें मरणोत्तर अवयवदानासाठीं आपलें नांव नोंदविलें होतें. त्यास पूर्वीं व्यायाम शिकविणारे एक गुरु २०१७ सालीं वारले. त्यांच्या अवयवांनीं सहा जणांस जीवन मिळालें होतें, तें पाहून शिष्यानें हा निश्चय केला. महिनाभरांत ती वेळ आली. लोगनच्या अवयवांनींहि सहाच जणांस जीवन मिळालें. ही वार्ता पसरल्यावर पुढील कांहीं आठवड्यांत एक लाखाहून अधिक कॅनडावासियांनीं आपलीं नांवें नोंदविलीं, आणि २०१९ पासून दरवर्षीं ७ एप्रिल या दिवशीं तेथें लोक हिरवा सदरा घालून त्याचें स्मरण करतात. आपल्या देशांत अवयवदानाचा कायदा १९९४ सालींच झाला. परंतु देह अखंडच गेला पाहिजे ही समजूत आमच्या वाड्या-वस्त्यांवर अजून पक्की आहे. अलीकडे एका विद्यार्थ्याच्या आजोबांनीं मला विचारलें, "गुरुजी, डोळे काढून दिले तर वर गेल्यावर दिसायचं कसं?" मीं त्यांस लोगनची हकीकत सांगितली. त्यांनीं ती पुरती ऐकून घेतली आणि तंबाखूची चंची उघडीत म्हणाले, "पोरगं मोठं होतं." त्यांच्या शंकेचें उत्तर मिळालें कीं नाहीं, तें मला समजलें नाहीं.

संघ बंद करावा, असा विचार कोणाच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं. बसमधील एकहि मुलगा सुखरूप नव्हता. एकास पायांचें चलनवलन पुन्हां मिळालें नाहीं. तो पुढें घसरगाडीवर बसून खेळावयाची हॉकी शिकला. तथापि उन्हाळ्यांत नवे शिक्षक आले, नव्या मुलांच्या निवडी झाल्या. त्या चौकांत क्रूस, काठ्या व फुलें यांचें एक लहानसें स्मारक लोकांनींच उभें केलें होतें.

१२ सप्टेंबर २०१८ रोजीं हम्बोल्टचा संघ आपल्या क्रीडागृहांत नव्या हंगामाचा पहिला सामना खेळावयास उतरला. प्रतिपक्षी निपाविनचा हॉक्स संघ होता, म्हणजे एप्रिलमध्यें ज्याच्याकडे जातांना वाट तुटली तोच. अपघातांतून वांचलेल्यांपैकीं दोघे मुलगे हम्बोल्टच्या बाजूनें बर्फावर होते. सामना चुरशीचा झाला. निपाविननें दोन गोल केले, हम्बोल्टनें एक. शेवटची शिट्टी झाल्यावर प्रेक्षक मात्र आपल्या जागेवरून उठले नाहींत. बसमधील एकोणतीस जणांच्या स्मरणाचा समारंभ अद्याप व्हावयाचा होता.